तिमोर-लेस्तेला मिशनवर जाताना: नव्या सिस्टर-फादरांसाठी कामाची माहिती

तिमोर-लेस्तेची नेमणूक आली की पहिला प्रश्न घरचेच विचारतात: "हे कुठं आलं?" त्यांना नकाशा दाखवा. इंडोनेशियाच्या बेटांच्या पूर्वेकडच्या भागात तिमोर बेट आहे, त्याचा पूर्वेकडचा अर्धा भाग म्हणजे हा देश. खालचा समुद्र ओलांडला की ऑस्ट्रेलियातलं डार्विन. राजधानी दिली, लोकसंख्या २०२२ च्या जनगणनेत साडेतेरा लाखांच्या आत, स्वातंत्र्य २० मे २००२ चं. गोव्याच्या मंडळींना एक जादा ओळख सांगते: १८४४ पर्यंत इथला पोर्तुगीज कारभार गोव्यातून चालत असे.

नेमणुकीच्या पत्रात जे लिहिलेलं नसतं ते असं. या देशात शंभरातले पंचाण्णवहून जास्त लोक कॅथलिक आहेत. १९७५ मध्ये इंडोनेशियाचं सैन्य घुसलं तेव्हा कॅथलिक अल्पसंख्य होते. पुढच्या चोवीस वर्षांत सरकारने प्रत्येकाला मान्यताप्राप्त धर्म नोंदवायला लावला आणि लोकांना आसरा मिळण्याची जागा ख्रिस्तसभाच उरली. सप्टेंबर २०२४ मध्ये दिलीजवळ तासितोलुला पोप फ्रान्सिस यांच्या मिस्सेला सुमारे सहा लाख लोक आले, म्हणजे जवळपास निम्मा देश. तेव्हा आपण श्रद्धा घेऊन चाललो आहोत ही कल्पना मुंबई विमानतळावरच सोडा. तिथल्या आज्या तुमच्या-माझ्यापेक्षा जास्त रोझरी म्हणतात. त्यांची अपेक्षा साधी असते: डोंगरातल्या वस्तीवर कोणीतरी पोहोचावं, मयताच्या घरी कोणीतरी बसावं, शाळेत शिक्षक यावा. पुढचं सगळं त्याच हिशेबाने लिहिलं आहे.

१. निघण्याआधी: कागद

मूळ प्रती, दोन-दोन झेरॉक्स आणि फोनमध्ये स्कॅन, असं तीन ठिकाणी ठेवा.

- पासपोर्ट. सहा महिन्यांची मुदत नियमाला पुरते, पण तीन-चार वर्षं शिल्लक असलेला न्या. संपत आला असेल तर इथेच नवा काढा.
- पासपोर्ट सेवा केंद्रातून पोलिस क्लिअरन्स सर्टिफिकेट
- डॉक्टरांचा तंदुरुस्तीचा दाखला आणि लसींची नोंद
- वरिष्ठांचं नेमणूकपत्र, आणि दिलीतल्या आपल्या घराचं किंवा धर्मप्रांताचं आमंत्रणपत्र
- बाप्तिस्मा, दृढीकरण, व्रतग्रहण किंवा गुरुदीक्षेचे दाखले. फादरांसाठी सेलेब्रेट, म्हणजे मिस्सा अर्पण करायला हरकत नसल्याचं वरिष्ठांचं पत्र.
- शिकवणार असाल किंवा नर्स असाल तर पदवी, मार्कशीट, नोंदणी
- पासपोर्ट आकाराचे फोटो, भरपूर

इथला नेहमीचा घोळ शिक्क्यांचा. कुठल्या कागदाला अपोस्टिल (कागद परदेशात खरा धरला जावा म्हणूनचा सरकारी शिक्का) हवं, कुठल्याला दूतावासाचं साक्षांकन आणि कशाचं पोर्तुगीज भाषांतर, हे दिलीच्या घराला आधी लेखी विचारा. "सगळ्यावरच शिक्का मारून घेऊ" म्हणून मंत्रालयात आणि दिल्लीत खेटे घालणाऱ्यांचे पैसे जातात, आणि नेमका हवा तो कागद राहतो.

फादरांसाठी आणखी एक. देशात तीन धर्मप्रांत आहेत: दिली (१९४०, २०१९ पासून महाधर्मप्रांत), बाउकाउ (१९९६) आणि मालियाना (२०१०). ज्या प्रांतात काम, तिथल्या बिशपांना पहिल्या आठवड्यात भेटा आणि पत्र दाखवा. लग्न लावायचं असेल तर बिशपांची किंवा त्या धर्मग्रामाच्या प्रमुख धर्मगुरूंची रीतसर परवानगी लागते. तीन डोंगर पलीकडच्या धर्मग्रामात कोणी आग्रहाने बोलावलं म्हणून परवानगीशिवाय लावलेलं लग्न धर्मनियमाने वैध ठरत नाही, आणि ते निस्तरायला पुढे वर्ष जातं.

२. प्रवास

मुंबईहून दिलीला थेट विमान नाही. सिंगापूर किंवा बालीवरून जावं लागतं. बालीचा मार्ग स्वस्त दिसतो, पण तिथे एक अडचण असते. दोन टप्प्यांची तिकिटं वेगवेगळी काढली असतील तर सामान बालीत स्वतः उचलावं लागतं, म्हणजे इंडोनेशियात प्रवेश करावा लागतो, म्हणजे तिथला व्हिसा आला. तो विमानतळावर मिळतो, फी पाच लाख रुपिया. आकडा ऐकून घाबरू नका, रुपियाची किंमतच तेवढी आहे, पण ती रक्कम आणि मधले चार-पाच तास हाताशी ठेवा.

आपण मंडळी एकेरी तिकिटावर निघतो आणि विमान कंपनीच्या काउंटरवर अडकतो. परतीचं तिकीट किंवा आमंत्रणपत्र मागतात, ते हातातल्या पिशवीत हवं, चेक-इन केलेल्या बॅगेत नको.

दिलीला उतरल्यावर विमानतळावर ३० दिवसांचा व्हिसा मिळतो. फी ३० डॉलर, रोख. निघायच्या आठवड्यात नियम पुन्हा तपासा. ऑक्टोबर २०२५ मध्ये देश आसियानचा, म्हणजे आग्नेय आशियाई देशांच्या संघटनेचा, अकरावा सभासद झाला आहे, त्यामुळे नियम हलते राहणार. मुख्य मुद्दा असा की हा पर्यटकाचा व्हिसा आहे, त्यावर शाळेत किंवा दवाखान्यात काम करता येत नाही. दीर्घ मुदतीच्या परवान्याचा अर्ज पहिल्याच आठवड्यात सुरू करा. "आधी थोडं रुळू दे" म्हणणाऱ्यांचे तीस दिवस कधी संपले ते त्यांनाच कळत नाही.

३. पैसा आणि फोन

चलन अमेरिकन डॉलर. नाणी मात्र तिथली स्वतःची, सेंटाव्हो. फाटकी, शाईचा डाग असलेली किंवा फार चुरगळलेली नोट दुकानदार घेत नाही, म्हणून मुंबईतच नोटा निवडून घ्या. एक, पाच आणि दहाच्या जास्त. डोंगरातल्या किऑस्कवर पन्नासची नोट काढली तर सुट्ट्यासाठी गाव पालथं घालावं लागतं.

फोनला तेलकॉमसेल, तेलेमोर किंवा तिमोर टेलिकॉमचं सिम. रिचार्जला पुल्सा म्हणतात. विजेचा मीटरही आधी पैसे भरायचा, त्यालाही पुल्साच. शनिवारी तपासून घ्या, रविवारच्या मिस्सेत माइक बंद पडला की सगळे सिस्टरकडे बघतात.

भारतातलं सिम बंद पडू देऊ नका. बँकेचा ओटीपी, आधार, पॅन, सगळं त्या नंबरला जोडलेलं असतं. निघण्याआधी आंतरराष्ट्रीय रोमिंग चालू करून घ्या, कमीत कमी रिचार्ज चालू ठेवायची जबाबदारी मठातल्या कोणावर तरी नाव घेऊन सोपवा, आणि बँकेला परदेशी जात असल्याचं कळवा.

४. पहिले सहा महिने: टेटुन

टेटुन आणि पोर्तुगीज या राजभाषा. इंडोनेशियन बऱ्याच जणांना येते, इंग्रजी दिलीबाहेर फारशी चालत नाही. बोलायला टेटुनच हवी. दिलीच्या तंत्रज्ञान संस्थेत परदेशी माणसांसाठी टेटुनचे वर्ग चालतात. वरिष्ठांशी भांडावं लागलं तरी चालेल, पण ते वर्ग केल्याशिवाय डोंगरात जाऊ नका. एकदा धर्मग्रामात पडलात की शिकायला सवड मिळत नाही.

व्याकरण सोपं आहे, क्रियापदं बदलत नाहीत. अडचणी दुसऱ्याच ठिकाणी येतात. बाजारात भाव बऱ्याचदा इंडोनेशियन आकड्यांत सांगतात, तारीख आणि वेळ पोर्तुगीजमध्ये, लहान संख्या टेटुनमध्ये, म्हणून तिन्हींचे आकडे पाठ करा. मोठ्यांना आणि अनोळखी माणसाला नेहमी 'इता' (तुम्ही), 'ओ' (तू) फक्त मुलांशी आणि अगदी जवळच्यांशी. आभार मानताना पुरुषाने 'ओब्रिगादु' म्हणायचं, बाईने 'ओब्रिगादा'. बसलेल्या माणसांपुढून जाताना जरा वाकून 'लिसेन्सा' म्हणा, हे एवढं केलं तरी अर्धं गाव तुमच्या बाजूने होतं. फादरांना 'आमू', सिस्टरांना 'माद्रे'.

मिस्सेची टेटुन बाजारातल्या टेटुनपेक्षा जुन्या वळणाची आहे. वाचन आदल्या दिवशी कॅटेकिस्टला, म्हणजे गावच्या धर्मशिक्षकाला, मोठ्याने वाचून दाखवा. या भाषेचा मान लोक जपतात त्याला कारण आहे. इंडोनेशियाच्या काळात पोर्तुगीजवर बंदी आली, तेव्हा इंडोनेशियन न स्वीकारता इथल्या ख्रिस्तसभेने टेटुन निवडली आणि १९८१ मध्ये तिला उपासनेसाठी मान्यता मिळाली. म्हणून "आज पाहुणे आहेत, मिस्सा इंग्रजीत करू" असं सुचवू नका.

डोंगरात घराघरांत बोलतात ती आणखी वेगळी: माम्बाई, माकासाए, बुनाक, फातालुकु, देशापासून तुटक पडलेल्या ओएकुसी भागात बाइकेनु. आजारी म्हाताऱ्यांना भेटायला जाल तेव्हा सोबत दुभाषा म्हणून घरातली शाळकरी मुलगी पुरते.

५. घर, पाणी, ताट

न्हाणीघरात सिमेंटची टाकी आणि डबा. पाणी कधी येईल याचा नेम नाही, टाकी भरलेली ठेवणं हे घरातलं पहिलं काम.

ताटात भात, 'मोदो' म्हणजे पालेभाजी, मका, राजमा, कधी मासा. सोबत 'ऐ-मानास', मिरचीची चटणी, आपल्या ठेच्याच्या जवळची, तेव्हा महाराष्ट्राच्या माणसाची तिखटाची सोय होते. सणाला डुक्कर किंवा म्हैस, आणि काही ठिकाणी कुत्र्याचं मांसही. खायचं नसेल तर हसून "पोट बरं नाही" म्हणा, तोंड वाकडं करू नका. सुपारी, पान आणि चुना पुढे केला तर निदान हातात घ्या.

प्रेशर कुकर न्या. माउबिसेसारख्या डोंगरातल्या गावाच्या थंडीत राजमा उघड्या भांड्यात शिजायला अर्धा दिवस जातो. डाळ आणि मसाले दिलीत मिळतात, वर डोंगरात नाही.

नोव्हेंबर ते फेब्रुवारी, नवा मका हाती येईपर्यंत, गावात धान्य कमी असतं. देशातल्या पाच वर्षांखालच्या मुलांपैकी जवळपास निम्मी कुपोषणामुळे उंचीने खुजी आहेत. या महिन्यांत कोणाच्या घरी अचानक जेवणाच्या वेळी जाऊ नका. ते स्वतः उपाशी राहून तुम्हाला वाढतील.

६. रस्ते

दिलीत मिक्रोलेट, म्हणजे छोटी व्हॅन. उतरायचं असेल तर आतल्या लोखंडी दांडीवर नाणं वाजवायचं. बाहेरगावी बस, आणि जिथे बस जात नाही तिथे 'अंगुना', म्हणजे माणसं, भाजी, डुकरं सगळं एकत्र नेणारा ट्रक. वाहनं डाव्या बाजूने चालतात, ती सवय आपल्याला आहेच. मोटारसायकल येत नसेल तर सिस्टरांनीही निघण्याआधी शिकावी आणि लायसन्स काढावं.

पावसाळा साधारण नोव्हेंबर-डिसेंबर ते एप्रिल. रस्ते खचतात, ओढे फुगतात. ४ एप्रिल २०२१, पुनरुत्थानाच्या रविवारी, सेरोजा वादळाच्या पुराने दिलीसुद्धा बुडाली होती. पावसात निघताना पुढच्या गावच्या शेफे अल्देयाला, म्हणजे वस्तीच्या प्रमुखाला, फोन करून रस्ता विचारा. तो "बहुतेक जाईल" म्हणाला तर जाऊ नका. ओएकुसी चहूबाजूंनी इंडोनेशियाने आणि समुद्राने वेढलेलं आहे, तिथे जहाजाने रात्रभराचा प्रवास. वेळापत्रकावर दोन दिवसांची ढील ठेवूनच कार्यक्रम ठरवा.

७. मयत आणि माटेबियान

नवे लोक सगळ्यात जास्त इथेच चुकतात, म्हणून सविस्तर लिहिते.

आपल्याकडे मिस्सा, दफन, घरी चहा, इतक्यावर आटोपतं. तिथे मयताच्या घरी माणसं दिवसच्या दिवस बसतात. रात्री रोझरी, सकाळी पुन्हा रोझरी. नातेवाईक कोणत्या बाजूचे त्याप्रमाणे कोणी डुक्कर आणतं, कोणी म्हैस, कोणी 'ताइश' म्हणजे हातमागाचं वस्त्र, कोणी पैसे, आणि कोणी काय आणलं याची वहीत नोंद होते. सातव्या दिवशी 'ऐ-फुनान मोरुक', म्हणजे कडू फुलं. पुढे 'ऐ-फुनान मिदार', गोड फुलं. वर्षाने 'कोरे मेतान', काळे कपडे उतरवण्याचा दिवस, तेव्हा मिस्सा, जेवण आणि रात्रभर नाच. या प्रत्येक टप्प्याला तुमच्याकडे बोलावणं येणार.

काय करायचं? जायचं आणि बसायचं. प्रवचन देऊ नका, घड्याळ बघू नका. आपल्या टाइमटेबलच्या सवयीला हे फार जड जातं. "मला साडेचारला मीटिंग आहे" म्हणून उठलात तर कोणी बोलत नाही, पण लक्षात राहतं. एकाच दिवशी दोन मयतं असतील तर धाकट्या सिस्टरला एकीकडे पाठवा, पण कोणीतरी गेलंच पाहिजे. सोबत मेणबत्त्या आणि साखरेचं एखादं पाकीट न्या.

२ नोव्हेंबर, माटेबियान, म्हणजे मृतांच्या स्मरणाचा दिवस, सरकारी सुट्टी. दोन दिवस आधीपासून दिली रिकामी होते, गाड्यांच्या टपावर माणसं, सगळे आपापल्या गावच्या दफनभूमीकडे. फुलांच्या पाकळ्यांच्या टोपल्या, कबरीकबरीवर मेणबत्त्या. फादरांनी त्या आठवड्यात दुसरं काही ठरवू नये. त्यामागोमाग १२ नोव्हेंबर येतो. १९९१ मध्ये त्या दिवशी दिलीतल्या सांता क्रूझ दफनभूमीत इंडोनेशियाच्या सैनिकांनी तरुणांवर गोळ्या झाडल्या. सप्टेंबर १९९९ मध्ये सुआईच्या चर्चमध्ये आसऱ्याला आलेली माणसं आणि तीन फादर मारले गेले. जवळपास प्रत्येक घरात त्या काळात गेलेलं कोणीतरी आहे, काहींचा देहही मिळालेला नाही. स्वतःहून विचारू नका. सांगावंसं वाटलं की ते सांगतात, बहुतेक वेळा स्वयंपाक करताना.

८. लग्न, बार्लाके, लूलिक

धर्मशिक्षणाच्या वहीत बघाल तर आई-बापाचं चर्चमध्ये लग्न झालेलं नाही आणि चौथ्या मुलाचा बाप्तिस्मा मागायला आले आहेत, असं सर्रास दिसेल. त्यांना झापायच्या आधी बार्लाके समजून घ्या. लग्नात दोन्ही घराण्यांत म्हशी, ताइश, डुकरं, पैसे यांची देवाणघेवाण ठरते, ती वर्षानुवर्षं चालते, आणि ती मार्गी लागल्याशिवाय मोठी माणसं चर्चच्या लग्नाला तयार होत नाहीत. धर्मग्रामात वर्षातून एकदा अशा जोडप्यांची सामुदायिक तयारी घेणं चालतं. घराण्यांच्या बोलणीत तुम्ही पडू नका, ते काम 'लिया-नाइन'चं, म्हणजे परंपरेचं बोलणं ज्याच्याकडे असतं त्या वडीलधाऱ्याचं.

गावात 'उमा लूलिक' असतं, घराण्याचं पवित्र घर. त्याच घराण्यातला माणूस रविवारी चर्चमध्ये वाचन करतो. त्याला यात विसंगती वाटत नाही. पहिल्या वर्षी तुम्हीही त्यावर मत देऊ नका. बोलावलं तरच आत जा, फोटो विचारून काढा. झाडं तोडण्यावर किंवा मासेमारीवर गावाने 'तारा बांदु' म्हणजे बंदी घातली की आशीर्वादाला फादरांना बोलावतात, तेव्हा जरूर जा.

९. शाळा आणि योजना

भारतातून आलेल्या आपल्या लोकांना एक खाज असते: इंग्रजी माध्यम, युनिफॉर्म, रांगा, पहिल्या वर्षी नवी इमारत. जरा थांबा. तिथे शिक्षणाच्या भाषा पोर्तुगीज आणि टेटुन आहेत, शिक्षक स्थानिक आहेत, आणि फातुमाका, फुइलोरो इथल्या सालेशियन संस्था किंवा जेझुइटांची उल्मेराची शाळा दशकं किंवा वर्षं लावून उभी राहिली आहे. त्या आधी बघून या. पहिल्या वर्षी स्वतःची योजना काढू नका. घरून, नातेवाइकांकडून पैसे आले तर ते मठाच्या हिशेबात जमा करा, हातोहात वाटू नका. एका घराला छप्पर दिलंत की बाकीच्या घरांनी काय पाप केलं?

एर्मेरा, लेतेफोहो भागात कॉफीची तोडणी साधारण मे ते सप्टेंबर. तेव्हा गावात पैसा असतो, फी तेव्हा मागा. तोडणीच्या दिवसांत वर्ग ओस पडतात, त्याचा राग धरू नका.

१०. मुलांची सुरक्षितता

हा नियम सगळ्यांना सारखा. मुलाशी एकटं, दार बंद करून बोलायचं नाही. मुलं मठात मुक्कामाला ठेवायची तर लेखी परवानगी, स्वतंत्र खोल्या आणि दुसरी मोठी व्यक्ती हवी. ओएकुसीत अनाथाश्रम चालवणाऱ्या एका माजी परदेशी धर्मगुरूला मुलींवरच्या लैंगिक अत्याचारासाठी डिसेंबर २०२१ मध्ये बारा वर्षांची शिक्षा झाली, आणि तरीही कित्येकांना तो गुन्हा खरा वाटेना. आमू आणि माद्रे यांना तिथे इतका मान आहे की मूल तक्रार करायला धजत नाही. म्हणून "आमच्याकडे असं होत नाही" हे उत्तर चालत नाही. तक्रार कुणाकडे करायची ते टेटुनमध्ये लिहून शाळेच्या भिंतीवर लावा.

११. तब्येत

मलेरियाची भीती जुनी झाली. जागतिक आरोग्य संघटनेने २०२५ मध्ये देश मलेरियामुक्त जाहीर केला. डेंग्यू मात्र आहे, विशेषतः पावसात, म्हणून मच्छरदाणी लागतेच. क्षयरोग बराच आहे, खोकला लांबला तर तपासून घ्या. २०२४ पासून रेबीजही आढळला आहे, तेव्हा रेबीजची आगाऊ लस भारतातच टोचून घ्या, सोबत टायफॉइड आणि हिपॅटायटिस. मोठं सरकारी रुग्णालय दिलीत आहे. दात, डोळे, पित्ताशयाचे खडे, जे काही लांबणीवर टाकलं असेल ते निघण्याआधी उरका.

१२. बॅगेत काय, आणि सुट्टी कधी

सुती झगे तीन-चार, लवकर वाळणारे. डोंगरासाठी एक जाड स्वेटर, रामेलाउच्या पायथ्याच्या गावांत रात्री कुडकुडायला होतं. चांगल्या पकडीचे बूट, रेनकोट, सौर दिवा, पॉवर बँक, चष्म्याची दुसरी जोडी, नेहमीची औषधं चिठ्ठीसह. पुस्तकं कमी न्या, दमटपणाने बुरशी धरते. मराठी बायबल आणि उपासनेची पुस्तकं फोनमध्ये घ्या.

घरी यायचं तर जूननंतर या. डिसेंबरात तिकिटं महाग, नाताळाला धर्मग्राम सोडता येत नाही, आणि नोव्हेंबर माटेबियानचा. परवान्याची मुदत सुट्टीच्या काळात संपत नाही ना, ते तिकीट काढण्याआधी बघा, आणि परत आत येण्याची परवानगी त्यावर लिहिलेली आहे याची खात्री केल्यावरच पैसे भरा.